जावेच्या डब्यातली मिसरी

धाकट्या जावेला मिसरी लावायला मी शिकवली. एवढं साधं वाक्य मला बावीस वर्षं कुणापुढं म्हणता आलं नाही. म्हणता आलं तेव्हा तिच्या खालच्या जबड्याचा डावा भाग डॉक्टरांनी काढलेला होता आणि नाकातल्या नळीतून तिच्या पोटात पेज जात होती.

आम्ही कसबा बावड्यात राहतो. दोघा भावांचं एकच घर, एकच स्वयंपाकघर. पोरं लग्नं होऊन, कामाला लागून बाहेरगावी असतात. आमचे हे साखर कारखान्यात होते, आता निवृत्त झालेत. धाकटे दीर कागलच्या एमआयडीसीत पाळीनं कामाला जातात. मी पुढच्या खोलीत ब्लाऊज शिवते. आजूबाजूच्या चार गल्ल्यांतल्या बायका माझ्याकडंच येतात.

मिसरी मला माझ्या आईकडून आली. तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, कुस्करून कापडातून गाळायची आणि बोटानं दातांना, हिरड्यांना चोळत बसायचं. आई सकाळी लावायची, दुपारी जेवल्यावर लावायची, कुणाशी भांडली तरी लावायची. मी बारा-तेरा वर्षांची असताना तिच्या डब्यात बोट घातलं, ती काही बोलली नाही. आमच्यात कुणी तिला तंबाखू म्हणतच नव्हतं. तंबाखू पुरुष खातात, चुना मळून, भिंती रंगवत. आम्ही दात घासतो, असं आम्ही धरून चाललो होतो.

लग्न होऊन या घरात आले तेव्हा इथं कुणी मिसरी लावत नव्हतं. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या. मी न्हाणीघरामागं दगडावर एकटी बसून दात घासायचे. सासरे बघायचे, मान फिरवायचे. तो एकटेपणा मला टोचायचा. मग दिरांचं लग्न झालं. जाऊ आली ती सीमेपलीकडची, शाळा कन्नडातून झालेली. तिचं मराठी गोड होतं आणि थोडं वाकडं. मला पहिल्या दिवसापासून ‘अक्का’ म्हणाली. त्या हाकेनं मला घरात कुणीतरी माझं आल्यासारखं वाटलं.

तिसऱ्या-चौथ्या महिन्यात तिची दाढ दुखायला लागली. गाल धरून बसली होती. मी माझा डबा घेऊन गेले.

“ही चोळ जरा. बधिर होतंय बघ.”

“नगं अक्का. अव्वा वरडंल.” आईला ती अव्वा म्हणायची.

“दात घासल्यावर कोण वरडतंय गं? आन तुझी अव्वा हाय कुठं इथं?”

तिनं बोटाला लावून घेतली. थोड्या वेळात तिला गरगरायला लागलं, परसात जाऊन ओकली. मी तिची पाठ चोळली आणि हसले. म्हणाले, पहिल्यांदा लागतंच.

इथपर्यंत कुणी मला फार दोष देणार नाही. दुखत होतं, जे ठाऊक होतं ते दिलं. पण दुसऱ्या दिवशी तिची दाढ थांबली होती. तिनं स्वतः सांगितलं की आता दुखत नाही. तरी सकाळी न्हाणीघरामागं जाताना मी तिला हाक मारली, “ये की गं, बस जरा.” मला सोबत पाहिजे होती. सासऱ्यांनी मान फिरवली तर दोघींकडून फिरवावी, असं काहीतरी मनात होतं. ती आली, बसली. महिन्याभरात तिचा स्वतःचा डबा झाला, औषधाच्या गोळ्यांचा, पत्र्याचा.

पुढं बावीस वर्षं आम्ही दोघी त्या दगडावर बसलो. खोटं कशाला सांगू, फार सुखाचा वेळ होता तो. घरातल्या साऱ्या गोष्टी तिथं झाल्या. पोरांची लग्नं तिथं ठरली, नवऱ्यांच्या तक्रारी तिथं निघाल्या.

मग तिच्या खालच्या ओठाच्या आत, हिरडीला लागून, एक पांढरा चट्टा आला. ती म्हणाली, “तिखट सोसंना झालंय.” मी म्हणाले, पोटात उष्णता असेल, गुलकंद खा. चार महिने गुलकंद चालला. चट्ट्याचा फोड झाला, फोडाची जखम झाली, जखमेला वास यायला लागला, तेव्हा दीर तिला मोठ्या दवाखान्यात घेऊन गेले. मी सोबत होते.

डॉक्टर तरुण मुलगी होती. बॅटरी धरून तिनं तोंडात पाहिलं आणि विचारलं, “तंबाखू खाता?”

“न्हाय बाई,” जाऊ म्हणाली. “मी मिसरी लावतो फक्त.”

“मिसरी म्हणजे तंबाखूच की. कधीपासून?”

“लगीन झाल्यापासनं.”

“कुणी लावली सवय?”

जावेनं माझ्याकडं पाहिलं. अगदी एवढंसं. मग खिडकीकडं बघत म्हणाली, “आपली आपुनच.”

मी तिथंच उभी होते, हातात तिची पिशवी धरून. दीर शेजारी होते. बोलायला एक क्षण पुरेसा होता. मी पिशवीचा बंद नीट केला. डॉक्टरनं कागदावर काहीतरी लिहिलं आणि आम्ही पुढच्या खिडकीकडं गेलो.

ऑपरेशन मोठं झालं. तिला वॉर्डात आणलं तेव्हा चेहरा ओळखू येत नव्हता. दिवसा तिच्याजवळ मी, रात्री दीर. बोलता येत नव्हतं म्हणून दिरांनी पाटी-पेन्सिल आणली. मराठी अक्षरं तिला जड जायची, म्हणून एकेक शब्द लिहायची. ‘पाणी.’ ‘उशी.’ ‘पोरं.’

आणि मी काय करत होते? सकाळी, दुपारी, चहानंतर, वॉर्डाच्या शेवटी असलेल्या संडासात जाऊन मिसरी लावत होते. पदराच्या गाठीत पुडी होती. दार लावून, भिंतीला टेकून, नळ सोडून ठेवायचे म्हणजे बाहेर ऐकू जाऊ नये. शेजारच्या खाटांवर त्याच रोगाच्या बायका. कुणाचा गाल नव्हता, कुणाची जीभ. त्यांच्यामधून चालत मी जायचे आणि तोंड धुऊन परत यायचे. मला काही वाटत नव्हतं असं नाही. वाटत होतं, आणि तरी पाय जात होते.

एका दुपारी मी परत येऊन तिचं पांघरूण सारखं करत होते. तिनं पाटी ओढली आणि लिहिलं, ‘वास.’

मला दरदरून घाम फुटला. वाटलं, आता ही माझ्या अंगावर पाटी फेकणार. मी म्हणाले, “न्हाय गं, तसलं काय न्हाय.” तिनं मान हलवली. मग उजवा हात पुढं केला, तळवा वर, आणि अंगठा बोटावर घासून दाखवला. चिमूटभर मागत होती ती.

मी तिचा हात खाली दाबला आणि वॉर्डाच्या बाहेर पळाले. जिन्यात बसून रडले. आणि रडून झाल्यावर, त्याच जिन्यात, पदराची गाठ सोडली. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं.

घरी सोडायच्या दिवशी एक समुपदेशक बाई नातेवाइकांशी बोलायला आल्या. तलफ आली की घोट-घोट पाणी प्या, थोडा वेळ टाळा, हातांना काम द्या, ती लाट असते, ओसरते, असं सांगत होत्या. मला विचारलं, “तुम्ही लावता का काही?”

“मी न्हाय बाई,” मी म्हणाले.

त्यांनी माझ्या उजव्या हाताच्या पहिल्या बोटाकडं पाहिलं. नखाच्या कडेला काळी रेघ होती, ती साबणानं जात नाही. माहितीचा कागद सगळ्यांना एक-एक दिला, मला दोन दिले.

घरी आल्यावर आठवडाभर तेच चाललं. ती मधल्या खोलीत खाटेवर, मी न्हाणीघरामागं. मग माझी मिसरी संपली. दुपारी तिचा डोळा लागलाय असं बघून मी स्वयंपाकघरात तवा ठेवला. दोन्ही खिडक्या उघडल्या, मधलं दार लोटलं. पण भाजणाऱ्या तंबाखूचा ठसका दाराला ऐकत नाही. पाच मिनिटांत आतून तिचा खोकला ऐकू आला. नळी, टाके, अर्धा जबडा, आणि त्यात खोकला. मी धावले तर ती उठून बसलेली, डोळ्यांतून पाणी, मानेजवळच्या पट्टीवर लाल डाग पसरत चाललेला.

दीर दुसऱ्या पाळीला निघत होते. ते आले, तिला धरलं, पाठीवरून हात फिरवला. खोकला थांबल्यावर स्वयंपाकघरात गेले. तवा बघितला. मला वाटलं, आता शिव्या येणार. आमच्या घरात कुणी हळू बोलत नाही, दीर तर फोनवर बोलले तरी गल्लीला कळतं. पण त्यांनी गॅस बंद केला, फडक्यानं तवा धरला, परसात नेऊन नळाखाली ठेवला. काळं पाणी वाहत गेलं. परत येऊन चपला घातल्या आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, “वैनी, निदान एवढं तरी...”

तसेच कामावर निघून गेले. मला आजवर कुणी एवढं मोठ्यानं काही बोललेलं नाही.

त्या दिवसापासून मी सोडली.

पहिल्या सकाळी ब्रशवर पेस्ट घेतली. तोंडात गोळी विरघळावी तशी ती गोड लागली, दात घासल्यासारखं वाटेचना. पोट साफ झालं नाही, मिसरीशिवाय ते होतच नव्हतं कधी. दुपारपर्यंत डोकं असं झालं की कुणीतरी फडकं पिळतंय. तोंडाला सारखं पाणी सुटायचं आणि बोट आपोआप हिरडीकडं जायचं. ग्राहकाशी बोलताना मध्येच माझ्या लक्षात यायचं की बोट तोंडात आहे. लवंग चघळली, ओवा चघळला, बडीशेप चघळली. कागदात लिहिलं होतं तसं पाणी प्याले, इतकं की दिवसभर न्हाणीघराच्याच वाऱ्या. यांनी विचारलं, “आज आमटीला मीठ न्हाय व्हय?” तर मी वाटी आपटली. नेहमीचे गरीब माणूस, गुपचूप मीठ घेऊन जेवले.

दुसऱ्या दिवशी मी एक ब्लाऊज कापायला घेतला. शेजारच्या गल्लीतल्या शिक्षिकाबाईंचा, भाचीच्या लग्नासाठी. साडीतलाच ब्लाऊजपीस, म्हणजे दुसरा मिळणार नाही असा. एका कडेला रुंद जरीचा काठ, तो बाह्यांच्या खालच्या टोकाला यायला पाहिजे. मी खडूनं खुणा केल्या. डोक्यात धुकं होतं. कात्री चालवली, दोन्ही बाह्या कापल्या आणि मग उलगडून बघितल्या. काठ खांद्याकडं गेला होता. दोन्हींचा. तीस वर्षं मी कात्री धरतेय, शिकाऊ पोरगी करत नाही अशी चूक झाली होती.

मी ते तुकडे जोडून बघितले, उलटे करून बघितले, मग घडी घालून ठेवले.

तिसऱ्या दिवशी सकाळी बाई आल्या. मधल्या खोलीचं दार उघडं होतं, जाऊ उशीला टेकून बसली होती. मी बाह्या दाखवल्या. बाईंचा चेहरा पडला.

“अहो, असं कसं झालं? परवा लग्न आहे.”

आणि माझ्या तोंडून निघालं, “काय सांगू बाई. जावेचं हे असं. दिवस-रात्र तिचंच करतोय. पट्ट्या, नळी, औषधं. चित्त थाऱ्यावर न्हाय माझं.”

बाईंचे डोळे लगेच पाणावले. “राहू द्या हो, राहू द्या. ब्लाऊजचं काय एवढं. साध्या कापडाचा शिवा, मी काहीतरी करते. तुम्ही म्हणून एवढं करताय जावेचं.”

माझा हात हातात घेऊन थोपटला त्यांनी. मी घेऊ दिला. त्या गेल्यावर मी मधल्या खोलीकडं बघितलं नाही.

त्या दुपारी मी जावेच्या ट्रंकेत हात घातला. निमित्त स्वच्छ पातळ काढायचं. ती डोळे मिटून होती. तळाशी, साड्यांच्या घडीखाली, तो गोळ्यांचा पत्र्याचा डबा होता. निम्मा भरलेला. आजारी पडायच्या आधी तिनंच भाजलेली मिसरी. तो पोटाशी धरून मी न्हाणीघरामागं गेले आणि लावली. एकदा नाही, दोनदा. डोक्यातलं धुकं विरलं, हातपाय सैल झाले, आणि पहिला विचार मनात आला तो असा की आता ही किती दिवस पुरेल. माझ्या अंगाची मला एवढी किळस आयुष्यात कधी आली नव्हती. कुणाच्या तोंडातला घास काढून घ्यावा तसं ते होतं, आणि घास तरी चांगला असतो.

दुसऱ्या दिवशी शिक्षिकाबाई पुन्हा आल्या. जावेसाठी शहाळी घेऊन. खाटेजवळ बसल्या, म्हणाल्या, “काळजी करू नका, जाऊ सोन्यासारखी मिळालीय तुम्हाला.” जावेनं दोन्ही हात जोडले. मी दारात उभी होते. शहाळ्याचं पाणी गाळून मीच मोठ्या सिरिंजमध्ये भरलं आणि नळीतून सोडलं. ती माझ्याकडं बघत होती. पाणी संपल्यावर तिनं पाटी घेतली. बराच वेळ लागला लिहायला.

‘माझ नाव सांगीतला.’

मी वाचलं. आदल्या दिवशी बाह्यांचं खापर मी तिच्या आजारावर फोडलं, ते तिनं ऐकलं होतं. ती पेन्सिल धरून थांबली होती, मी काय बोलते ते बघत.

मग मी सांगितलं. सगळं एकदम नाही, जसं तोंडात येईल तसं. आधी बाह्यांचं. मग ट्रंकेतल्या डब्याचं, आणि डबा आणून तिच्या पुढ्यात ठेवला. मग दवाखान्यातल्या जिन्याचं. आणि शेवटी दाढेचं. “तुझी दाढ थांबलीवती गं दुसऱ्या दिवशी. मी तरी हाक मारली तुला. मला एकटीला बसायची लाज वाटायची म्हणून. त्या डॉक्टर पोरीनं विचारलं तवा मी सांगायला पायजे हुतं.”

तिनं पाटी बाजूला ठेवली. ऑपरेशननंतर ती थोडं थोडं बोलायला शिकत होती, अक्षरं घसरायची, पण मला ती समजायची.

“तवा बोलायचं हुतं, अक्का,” ती म्हणाली.

आणि भिंतीकडं तोंड करून झोपली.

संध्याकाळी दीर आले. तिनं त्यांना खुणेनं डबा दाखवला, बाहेर न्यायला सांगितला. त्यांनी तो नेला, कुठं टाकला मला ठाऊक नाही. मी विचारलं नाही, कारण कळलं असतं तर मी गेले असते.

दोन दिवस तिनं माझ्या हातून पेज घेतली नाही. मी सिरिंज भरून नेली की हात आडवा करायची. दिरांनी दोन दिवस रजा काढली आणि तेच सगळं करत राहिले. त्यांना कारण ठाऊक होतं की नाही, कोण जाणे. मला वाटलं होतं, एकदा कबूल केलं की मन हलकं होईल आणि तलफही जाईल. तलफेला त्याचं काही देणंघेणं नव्हतं. उलट ते दोन दिवस सगळ्यांत वाईट गेले. मी भिंती पुसल्या, भांडी घासली, यांचे जुने शर्ट उसवून पुन्हा शिवले. दाताखाली पदराचं टोक धरून बसायचे. एकदा यांनीच विचारलं, “आणून देऊ काय थोडी? तुझं हे बघवंना.” चांगल्या मनानं विचारलं त्यांनी. मी एवढी रडले की ते बिचारे बाहेर जाऊन उभे राहिले.

तिसऱ्या दिवशी दिरांना कामावर जावंच लागलं. मी पेज गाळून घेऊन गेले आणि खाटेच्या पायथ्याशी उभी राहिले, पुढं जायचं धाडस नव्हतं. डोळे आपोआप वाहत होते. तिनं बघितलं, हात पुढं करून सिरिंजकडं बोट केलं आणि म्हणाली, “उगा रडू नगा. रडून जबडा येतोय व्हय?”

मी पेज दिली. ती माफी नव्हती, मला फरक कळतो. तिला भूक लागली होती आणि नळीतून पेज द्यायला घरात मी एकटीच होते.

नंतर आठवड्यानं मी शिक्षिकाबाईंच्या घरी गेले. दारातच सांगितलं की जावेचं निमित्त खोटं होतं, मी मिसरी सोडतेय, त्या भरात कापड बिघडलं. त्या म्हणाल्या, “मिसरी होय? मला वाटायचंच. माप घेताना तुम्ही जवळ आलात की वास यायचा. मी श्वास धरून उभी राहायचे. इतकी वर्षं बोलायचं कसं, म्हणून नाही बोलले.”

मी किती बायकांची मापं घेतली असतील. मुंढा, छाती, गळा, सगळं तोंडाशी तोंड आणून. त्या सगळ्या श्वास धरून उभ्या होत्या काय? रस्त्यानं घरी येताना मला एकेक चेहरा आठवत होता, मान थोडी वळवलेला. शिक्षिकाबाई त्यानंतर कपडे टाकायला आल्या नाहीत. रस्त्यात भेटल्या की हसतात, जावेची चौकशी करतात. ब्लाऊज दुसरीकडं शिवतात.

जावेची शेकण्याची, म्हणजे किरणांची ट्रीटमेंट झाली, नळी निघाली. आता ती वरणात कालवलेला मऊ भात खाते. बोलणं आम्हाला समजतं, परक्याला दोनदा विचारावं लागतं. तिच्याबरोबर तपासणीला गेले तेव्हा मी स्वतःहून त्या डॉक्टर मुलीपुढं तोंड उघडलं. माझ्याही तोंडात, डाव्या बाजूला, पांढरट रेघ आहे. सोडलीत ते बरं केलंत, दर तीन महिन्यांनी दाखवायला या, असं ती म्हणाली. जाऊ शेजारी बसून ऐकत होती. बाहेर आल्यावर तिनं माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडं वळवलं आणि स्वतः आत बघितलं. त्या दिवशी रिक्षात ती माझ्याजवळ सरकून बसली.

गेल्या महिन्यात हुपरीला माझ्या मावसबहिणीच्या घरी बारसं होतं. त्यांच्याकडं घरातच चांदीच्या पैंजणांचं काम चालतं, त्या दिवशी ते आवरून सतरंज्या अंथरल्या होत्या. जेवणं झाल्यावर बायका मागच्या पडवीत बसल्या आणि डबा फिरायला लागला. माझ्यापुढं आला. तो खमंग, करपट वास. मी हात मांडीखाली दाबला.

“मी सोडली,” मी म्हणाले.

“सोडली?” मावसबहीण हसली. “तू? जावंचं बघून भ्यालीस व्हय?”

सगळ्या माझ्याकडं बघत होत्या. दिरांबद्दल सांगता आलं असतं, जावेबद्दल, दाढेबद्दल. मी शहाणपणाचं काहीतरी बोलले असते तर कदाचित त्यांतल्या एखादीनं ऐकलंही असतं. मला लाज वाटली. दुसऱ्याला उपदेश करायचं तोंड माझ्याकडं नाही.

“व्हय,” मी म्हणाले. “भ्यालो.”

तिनं डबा शेजारणीकडं सरकवला. मी लवकर निघाले. बसमध्ये खिडकीची जागा मिळाली. कोल्हापूर येईपर्यंत तोंडाला पाणी सुटत होतं, आणि मी ते गिळत बसले होते.